दर्याने सोडलेले खडक

पुतळाबाईने चार बंगल्याच्या मासळीबाजारात सांगितलं की मी लेकीकडे ग्रीसला चालले, तेव्हा शेजारी पाटी लावून बसणाऱ्या बाईने कोलंबी सोलता सोलता विचारलं, "ते वसईच्या अलीकडं की पलीकडं?"

"पलीकडं," पुतळाबाई म्हणाली. "खूप पलीकडं. विमानाने जावं लागतं."

तिला तरी कुठे नीट ठाऊक होतं? हेमांगी तिथे राहते आणि तिच्या खिडकीतून दर्या दिसतो, एवढंच तिला माहीत. हेमांगी अंधेरीच्या एका जहाज कंपनीत खलाशांच्या नेमणुका बघायची. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी अथेन्सजवळच्या बंदरावर पाठवलं. कोळ्याची पोर बंदरातून निघाली आणि बंदरातच पोचली, म्हणून वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांना त्याचं कौतुक. तिकीट अल्पेशने, म्हणजे हेमांगीच्या थोरल्या भावाने काढलं. तो मालाडला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. घरात आता बोट नाही. बोट होती ती नवऱ्याची, रामनाथची, आणि रामनाथ आला नव्हता.

पुतळाबाई असंच म्हणायची, आला नाय. गेला असं ती कधीच म्हणाली नाही.

ती गोष्ट वेसाव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वादळ नव्हतं, वारा नव्हता, पाणी तेलासारखं पसरलेलं. जाळं ओढून झालं आणि खलाशी दमून फळ्यांवर आडवे झाले. बोटीचा तांडेल म्हणून रामनाथ सुकाणूजवळ बसला होता. दिवस उजाडताना एक खलाशी उठला तर बोट हळूहळू आपल्याआपण चाललेली. सुकाणूवर कोणी नाही. बाजूच्या फळीवर चहाचा ग्लास तसाच उभा, अर्धा भरलेला. त्यांनी पाण्यात उड्या मारल्या, हाका मारल्या, बोट गोल गोल फिरवली. मढपासून अर्नाळ्यापर्यंत बंदराबंदरावर निरोप गेले. दर्याने काहीही परत दिलं नाही. टोपी नाही, चप्पल नाही, काही नाही.

रामनाथच्या धाकट्या भावाला सगळे भाऊच म्हणत. काही महिन्यांनी तो भाऊकीतल्या दोघांना घेऊन आला. अशा माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असतो, मग बाकीचं सगळं करता येतं, असं त्याने समजावून सांगितलं. पुतळाबाई चूल फुंकत होती. ती म्हणाली, "या घरात पुतळा एकच, तो मी. मना जाळा हवं तर." भाऊ खाली मान घालून गेला. त्यानंतरही तो दर वर्षी विषय काढायचा, पण दारातूनच, आत न येता.

तिने हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. बाजारात जायची, गिऱ्हाइकाशी भांडायची, हसायचीसुद्धा. फक्त बोटी यायच्या वेळी पहाटे ती बंदरावर उभी राहायची. बोटींवरचं ताजं मावरं घ्यायला तर सगळ्याच बाया येत. पण सगळ्या बायांचं मावरं पाट्यांत भरून झालं, तरी पुतळाबाई पाण्याकडे बघत जरा जास्त वेळ थांबायची. पोरांनी ते बघितलं आणि कधी काही विचारलं नाही. हेमांगी तेव्हा कॉलेजात होती. आईसमोर बाबांचा विषय काढायचा कसा, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि मग वर्षं गेली तसं ते आणखीच अवघड होऊन बसलं.

अशी ही पुतळाबाई नोव्हेंबरात ग्रीसला पोचली. अंगात अल्पेशचा स्वेटर, पायात नवे बूट, पाचवारी साडी आणि पिशवीत सुके बोंबील, जे तपासणीवाल्यांच्या नाकाला कसे लागले नाहीत हे एक वेसावकरणीलाच माहीत. पहिले काही दिवस ती लेकीच्या खिडकीत बसून तिथला दर्या बघत राहिली. निळा होता, फारच निळा. "याला वास नाय," ती म्हणाली. "भरती नाय, ओहोटी नाय. हा झोपलेला दर्या हाय."

हेमांगीला सुट्टी मिळाली तेव्हा तिने आईला विचारलं, "आये, एक जागा दाखवू? दर्यापासून लांब आहे. उंच उंच खडक आहेत, सरळसोट, आणि त्यांच्या डोक्यावर मठ बांधलेत. शेकडो वर्षांपूर्वी. बैरागी राहायचे तिथे, अजून राहतात."

"खडकाच्या डोक्यावर कशाला?"

"देवाच्या जवळ म्हणून असेल. आणि खालच्या मारामाऱ्यांपासून लांब."

"मग जाऊ," पुतळाबाई म्हणाली. "मी आख्खा जन्म पाण्याच्या पातळीला काढला. जरा वर बघू."

बस डोंगर ओलांडून एका सपाट मैदानात उतरली. कापूस वेचून झालेली शेतं, मधूनच एखादं झाड, आणि मग मैदानाच्या टोकाला ते खडक दिसले. पुतळाबाईने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. डोंगर कसे असतात ते तिने पाहिलं होतं. डोंगर पसरट असतात, त्यांना उतार असतो, झाडी असते. हे मात्र जमिनीतून नुसते उभे राहिले होते, एकमेकांपासून हातभर अंतर राखून, करड्या रंगाचे, गुळगुळीत, पावसाने घासून काढल्यासारखे. आणि त्यांच्या अगदी माथ्यावर लाल कौलांची घरं. कोणीतरी वरून अलगद ठेवून दिल्यासारखी. हेमांगी काहीतरी सांगत होती, शतकांची, राजांची नावं घेत होती. पुतळाबाईला ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. आपण जागे आहोत की बसमध्ये डुलकी लागलीय, हे तिला खरंच कळेना.

खडकांच्या पायथ्याच्या गावात त्यांनी खोली घेतली होती. खोलीची मालकीण बोलकी होती. पुतळाबाई कुठून आली ते कळल्यावर तिने हाताने लाटा करून दाखवल्या आणि मग खडकांकडे बोट केलं. हेमांगीने अर्थ सांगितला. "ती म्हणतेय, इथे पण पाणीच होतं. खूप खूप पूर्वी. नदी गोटे आणून टाकायची आणि हे सगळं पाण्याखाली थरावर थर साचत गेलं. मग पाणी निघून गेलं आणि हे उरलं."

पुतळाबाई उठली आणि तिने घरामागच्या खडकाला जाऊन हात लावला. खरंच, तो एकसंध नव्हता. त्यात गोटे होते, गोल, घासलेले, वाळूत रुतून घट्ट झालेले. ओहोटीला मढच्या किनाऱ्यावर उघडे पडतात तसे. ती बराच वेळ बोटांनी ते चाचपत होती.

"निघून गेलं म्हणजे कुठं गेलं?" तिने विचारलं.

हेमांगीने मालकिणीला विचारलं. मालकिणीने खांदे उडवले आणि ती हसून कॉफी आणायला आत गेली.

दुपारी त्या एका मठात गेल्या. दारात पहिलीच गंमत झाली. बायकांनी पॅन्ट घालून आत जायचं नाही, असा तिथला नियम. हेमांगी जीन्समध्ये होती. दारावरच्या माणसाने तिला नाडीचा एक फुलाफुलांचा घागरा दिला आणि तो जीन्सवरून गुंडाळायला लावला. पुतळाबाईच्या साडीकडे बघून मात्र त्याने मान लववून वाट दिली. "बघ," ती लेकीला म्हणाली, "दहा वेळा सांगते, एखादी साडी ठेवत जा जवळ."

वर जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या. पुतळाबाईच्या गुडघ्यांना पायऱ्यांची सवय नव्हती, पण डोक्यावर पाटी नसताना चढणं तिला हलकंच वाटलं. कठड्याला धरून ती थांबत थांबत वर गेली. थांबली की खाली बघायची. गाव लहान होत होतं. हवेत कसला तरी धुपासारखा वास होता आणि कुठेतरी लाकडावर लाकूड मारल्याचा ठोका पडत होता, संथ, जणू कोणी बोटीला खिळे मारतंय.

मठाच्या कडेला एक जुना बुरूज होता. आत लाकडाचा प्रचंड रहाट, त्यावर गुंडाळलेला दोर, आणि दोराच्या टोकाला आकड्यात अडकवलेलं जाळं.

पुतळाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"हे काय?"

"आधी पायऱ्या नव्हत्या ना," हेमांगी म्हणाली. "तेव्हा माणसांना जाळ्यात बसवून वर ओढायचे. धान्य, लाकूड, माणसं, सगळं याच जाळ्यातून. वर बैरागी रहाट फिरवायचे."

"माणसं जाळ्यात?"

"हो. पाय पोटाशी घेऊन बसायचं आणि जाळं वरून बांधायचे. मग वारा आला की लटकत गोल फिरत वर. म्हणे कोणीतरी विचारलं, दोर कधी बदलता? तर उत्तर मिळालं, देव तोडतो तेव्हा."

पुतळाबाईला हसू आलं नाही. "तुझ्या बापसाला असला माणूस बोटीवर चालला नसता," ती म्हणाली. "तो दर अमावास्येला दोर हाताखालून घालायचा. तसूतसू बघायचा."

हेमांगीने चमकून आईकडे बघितलं. इतक्या वर्षांत आईने बाबांबद्दल आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य होतं. पुतळाबाईने हात पुढे केला, पण मध्ये दोरी लावलेली होती, जाळ्यापर्यंत हात पोचला नाही. तिने नुसतं बघून घेतलं. गाठी मोठ्या होत्या, सैल होत्या. यातून मासा सुटला असता, पण माणूस सुटला नसता.

त्या संध्याकाळी ती लवकर आडवी झाली. आणि पहाटे तिला जे दिसलं ते स्वप्न होतं की काय, हे तिने नंतर कधी ठरवलं नाही. खडकाच्या माथ्यावर काळ्या झग्यातले दाढीवाले लोक रहाट फिरवत होते, सावकाश, न बोलता. खाली धुकं होतं, पाण्यासारखं भरलेलं. धुक्यातून जाळं वर येत होतं. जाळ्यात रामनाथ पाय पोटाशी घेऊन झोपला होता. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. जाळं गोल फिरे तसा त्याचा चेहरा तिच्याकडे येई आणि परत वळे. तो दमलेला दिसत होता, पण घाबरलेला नव्हता. तिने त्याला हाक मारली नाही. हाक मारली तर जागा होईल, म्हणून.

डोळे उघडले तेव्हा उजाडत होतं. ती शाल घेऊन गच्चीत आली, तर खरंच धुकं भरलेलं. गाव नव्हतं, मैदान नव्हतं, सगळीकडे पांढरं पाणी. त्यातून खडकांचे माथे वर आलेले, नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींसारखे. एकाही बोटीवर हालचाल नव्हती. पुतळाबाई कठड्याला धरून उभी राहिली. हेमांगी मागून आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. ऊन चढलं तशी त्या पाण्याला ओहोटी लागली. आधी झाडं, मग कौलं, मग रस्ता वर आला.

"असा गेला असंल दर्या," पुतळाबाई म्हणाली. "कोणाला कळलं पण नसंल."

त्या दिवशीचा मठ बायकांचा होता. तिथे चढायचं नव्हतं. दरीवर एक छोटा पूल होता, तो ओलांडला की दार. आत अंगण झाडलेलं, कुंड्यांत गुलाब, मांजरं उन्हात पसरलेली. देवळात अंधार आणि सोनं. भिंतींवर, छतावर, खांबांवर माणसंच माणसं रंगवलेली, सगळ्यांचे डोळे मोठे, सगळे बघणारे. दारापाशी एक वयस्क जोगीण बसली होती, काळा झगा, काळा रुमाल कपाळापर्यंत. तिच्यापुढे मधमाशीच्या मेणाच्या बारीक बत्त्या. पुतळाबाईने एक घेतली, पेटवली आणि वाळूने भरलेल्या परातीत खोवली. हात वर केल्यावर बांगड्या वाजल्या.

जोगिणीने बांगड्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत हेमांगीला विचारलं, "सुंदर आहेत. यांचा काही अर्थ आहे?"

"आमच्याकडे लग्न झालेल्या बायका घालतात," हेमांगी म्हणाली. "नवरा असलेल्या."

"मग ते नाही आले तुमच्याबरोबर?"

हेमांगी आईकडे वळली. "आये, त्या विचारतायत, बाबा नाही आले का."

"सांग तिला," पुतळाबाई म्हणाली, "आला नाय."

हेमांगीने तेवढंच सांगितलं. मग तिलाच राहवलं नाही. तिने हळू आवाजात बाकीचंही सांगितलं, बोट, शांत पाणी, न सापडलेला माणूस, गेलेली वर्षं. जोगीण ऐकत होती. मध्ये तिने एकदाही अरेरे केलं नाही. ऐकून झाल्यावर ती उठली आणि दोघींना अंगणातल्या बाकावर घेऊन गेली. मांजराला उठवून तिने पुतळाबाईला जागा केली.

"मोठ्या प्रार्थनेत मला त्यांचं नाव घेता येणार नाही," ती म्हणाली. "ती आमच्या लोकांसाठी असते. पण माझ्या खोलीत मी एकटी प्रार्थना करते, तिथे मला कोणी अडवत नाही. तुमची इच्छा असेल तर मी त्यांचं नाव घेईन. फक्त एक विचारायला हवं. आम्ही नावं दोन तऱ्हांनी घेतो. जे जिवंत आहेत त्यांना आरोग्य मागतो. जे..." आणि इथे तिने एक ग्रीक शब्द वापरला, "त्यांना विसावा मागतो. त्यांचं नाव कशात घेऊ?"

तो शब्द हेमांगीला माहीत होता. ऑफिसातल्या एकाचे वडील वारले तेव्हा तिने तो ऐकला होता. तिने आईचा हात हातात घेतला.

"त्या तुझ्यासाठी बाबांचं नाव घेतील, आये. पण विचारतायत की जागे असलेल्यांत घ्यायचं की झोपलेल्यांत."

"झोपलेले म्हणजे?"

"यांच्यात गेलेल्या माणसाला मेलेला नाही म्हणत. झोपलेला म्हणतात."

"खरंच? तोच शब्द?"

"तोच शब्द."

दरीच्या पलीकडे खडकावर ऊन होतं. कावळ्यासारखे कसलेसे पक्षी खडकाच्या कपारीतून निघत होते आणि परत तिथेच जात होते. हेमांगीला वाटलं, आई आता उठेल आणि चल म्हणेल. पण पुतळाबाई उठली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. ती फक्त विचार करत होती, बाजारात मोठा निर्णय घ्यायचा असला की करायची तसा.

"झोपलाय," ती शेवटी म्हणाली. "सांग तिला. रात्रभर जाळं ओढलं होतं त्याने. दमला असंल. झोपलाय तो."

हेमांगीने ते तसंच्या तसं सांगितलं. जोगिणीने मान हलवली आणि नाव विचारलं. "रामनाथ," पुतळाबाई स्वतःच म्हणाली. जोगिणीच्या जिभेला शेवटचा थ जमेना, तो दातांतून निसटत होता. पुतळाबाईने तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, नीट येईपर्यंत. उच्चार जमला तेव्हा तिने मान हलवून पसंती दिली.

मग ती हेमांगीला म्हणाली, "आता हिला विचार, हिचं कोण झोपलंय. मी पण नाव घेईन. फुकट कशाला करावाचं कोणाकडून?"

जोगिणीला हे अपेक्षित नव्हतं. "माझी बहीण," ती म्हणाली. "कलिओपी. लहान असताना गेली. तिचं नाव आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही."

"कलिओपी," पुतळाबाईने म्हणून बघितलं. पहिल्याच खेपेला जमलं.

परतीच्या बसमध्ये पुतळाबाई झोपली. हेमांगीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड अर्धवट उघडं, आख्खा डोंगर पार होईपर्यंत. हेमांगीचा हात बधिर झाला तरी तिने तो हलवला नाही.

वेसाव्याला परतल्यावर काही आठवडे पुतळाबाईने कोणाला काही सांगितलं नाही. मग एका सकाळी भाऊ दारात उभा असताना ती म्हणाली, "आत ये. बस. ते दर्भाचं काय बोलायचास, ते करू." भाऊ आत येऊन बसला आणि तोंडाला रुमाल लावून रडला. थोरल्या भावासाठी त्याला इतकी वर्षं रडायला मिळालं नव्हतं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाजूला बसून राहिली.

विधी किनाऱ्यावर झाला. अल्पेशने ऑफिसातून रजा घेतली होती. हेमांगी फोनवर होती, एका पुतण्याने फोन तिला दिसेल असा धरला होता. बांगड्या पुतळाबाईने हातातच ठेवल्या. काढ असं भाऊकीतलं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणायची कोणाची छाती झाली असती असंही नाही. दर्भाची ती लहानशी आकृती पटकन जळाली. त्यानंतरच्या दिवसांत तिळाचं पाणी सोडताना भटजींनी रामनाथचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं, आजाचं घेतलं आणि विचारलं, आणखी कोणी राहिलं का?

"कलिओपी," पुतळाबाई म्हणाली.

भटजींनी मान वर केली. "कोण?"

"कलिओपी. पोर होती. लहानपणीच गेली."

"गोत्र?"

"ते मना ठाऊक नाय. नुसतं पाणी सोडा, पोचेल."

भटजींनी जरा विचार केला, मग अल्पेशच्या ओंजळीत पाणी घातलं. अल्पेशने आईकडे बघितलं आणि ओंजळ सोडली. भाऊने मात्र जवळ सरकून हळूच विचारलं, "वहिनी, ही कोणाची गो?"

"आपलीच," पुतळाबाई म्हणाली, आणि पदर सावरत उठली. खाडीतून मढची फेरीबोट पलीकडे निघाली होती, आणि पाणी उतरायला लागलं होतं.